दाभणमावशीचा पोत्याचा टाका

आमच्याकडे अशी बातमी आहे, की दाभणमावशीने एका माणसाची नोकरी सुईने उसवली. बातमी जितके थांबे घेते तितकी फुगत जाते. बसस्टँडवर ऐकाल तर, फुटबॉल टीमचे सहायक कोच मावशीच्या शिवणीला नावं ठेवून गेले, मावशीने डूख धरला, त्यांचं भलंमोठं तोंड ताडपत्रीवर शिवलं, त्यावर लाल फुली मारली आणि माणूस भर सीझनमध्ये घरी बसवला. औषधांच्या दुकानात ऐकाल तर केमिस्ट आधी दाराकडे बघून घेतो, मग घसा खाकरतो. "बाई डेंजर आहे हं. माझ्या स्कूटरची सीट तिच्याकडे पडलीय, म्हणून मी जास्त बोलत नाही."

यातलं तोंड खरं. फुलीही खरी. स्कूटरची सीट तर कधीपासूनची खरी. बाकी सगळं उलटं आहे, आणि उलटं कापड सुलटं केल्याशिवाय मावशीच्या घरातल्या माणसाला चैन पडत नाही.

मावशी सीटा शिवते. मोटारीच्या, रिक्षाच्या, दवाखान्यातल्या बाकांच्या, झालंच तर सोफ्याच्या. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, कोपऱ्यात फोमच्या लाद्या आणि मधोमध मावशीचं अजस्र मशीन, ज्याला ती 'रेडा' म्हणते. रेडा सुरू झाला की शेजारच्या दुकानातली घड्याळं भिंतीवर थरथरतात. काका, म्हणजे मावशीचा नवरा, फोम कापतो आणि "हं" म्हणतो. त्याच्या "हं"चे प्रकार आहेत. चहा हवा असलेला "हं" वेगळा, तू म्हणतेस तेच बरोबर हा वेगळा, आणि तू म्हणतेस ते साफ चूक आहे पण मला जगायचंय, हा तर फारच वेगळा.

दाभण हे तिच्या हत्याराचं नाव. जाड गादीतून आरपार जाणारी ती मोठी सुई. मावशीला ते नाव हत्यारावरून पडलं की जिभेवरून, यावर दोन मतं आहेत. ती काम करताना ओठांत टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दातांच्या फटीतून येतं. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं बाई चिडली आहे. जुन्या गिऱ्हाइकाला माहीत असतं, की बाई चिडली की आधी टाचण्या काढून ठेवते.

आणि मैदानात उन्हातल्या स्टँडमध्ये सगळ्यात खालच्या बाकावर, टीमच्या बेंचच्या बरोबर मागे, तिची जागा. त्या जागेवर तिने स्वतः शिवलेली गादी असते. उन्हातल्या स्टँडचे सगळे झेंडे, सगळे फलक तिनेच शिवलेले, कारण ताडपत्रीतून जाणारं मशीन दुसऱ्या कुणाकडे नाही. समोर सावलीतला स्टँड. तिथे क्लबचे अध्यक्ष बसतात, खुर्चीला पाठ असलेले लोक बसतात आणि टाळ्या बोटांच्या टोकांनी वाजवतात.

सहायक कोचना सगळे 'हातवारे सर' म्हणायचे. मोठे कोच हात खिशात घालून उभे असत. त्यांच्या वाटचे हातसुद्धा हेच हलवायचे. दोन्ही तळवे खाली दाबले की बचाववाल्यांनी मागे यायचं. डाव्या कोपराला उजव्या हाताने थापट मारली की डावी बाजू उघडी आहे. डोक्यावर हात ठेवले की... त्याचा अर्थ आपल्यावर गोल झाला, एवढाच होता. 

सर मावशीच्या दुकानात यायचे ते सरावाचे पुतळे दुरुस्तीला घेऊन. फ्री किकच्या सरावात भिंत म्हणून उभे करतात ते फोमचे माणूसभर उंच पुतळे. पहिल्याच दिवशी सर पुतळा कसा झुकायला हवा हे सांगायला लागले आणि त्यांच्या हाताच्या फटक्याने टाचण्यांचा डबा उडाला. टाचण्या खोलीभर. मावशीने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. काकाने "हं" केलं, जपून राहा अशा अर्थाचं. पण सरांनी टेबलावरचं लोहचुंबक उचललं, गुडघ्यांवर बसले आणि रेड्याच्या पोटाखालची शेवटची टाचणीसुद्धा वेचली.

ते गेल्यावर मावशी म्हणाली, "पसारा करणारे पुष्कळ बघितले. उचलणारा हा पहिला."

इतकी त्यांची दुष्मनी.

मग टीम हरायला लागली. एकदा हरली, सगळे पंचांना बोलले. पुन्हा हरली, मैदानाला बोलले. त्यानंतरच्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी सरांनी दोन्ही हात जोरात हलवले, डावा बचाववाला त्यांच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या मागून समोरच्यांचा पोरगा चेंडू घेऊन निघून गेला. झालं. बोलायला माणूस सापडला.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर दुकानात हजर. हा बसमधला कंडक्टर, आणि उन्हातल्या स्टँडचाही तोच. घोषणा त्याच्या, शिट्टी त्याची. घरातही तो बायकोला "पुढे सरका" म्हणतो असं ऐकून आहे. 

"मावशी, अर्जंट काम. हातवारेचं तोंड पाहिजे. स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि त्याच्यावर फुली. लाल. कडक."

"मोठ्या कोचचं का नको?"

"अहो, ते मोठे आहेत!"

"असं आहे होय," मावशी टाचण्यांतून म्हणाली. "सासऱ्यावर राग आला की दिराचं ताट आपटायचं."

"तुम्ही शिवणार नसाल तर आम्ही रंगवून घेतो."

"रंगवा की. पहिल्या पावसात तो ओघळेल आणि तुमच्याच शर्टावर उतरेल."

कंडक्टर स्टुलावर बसला. मावशीने विचार केला. नाही म्हटलं तर हे रंगवणार, आणि रंग पुसता येत नाही. शिवण उसवता येते. "ठेवा ताडपत्री," ती म्हणाली.

तिने सरांचा चेहरा शिवला तो मोटारीच्या सीटच्या उरलेल्या तपकिरी रेक्झिनमधून. दोन्ही बाजूंना दोन हात, तळवे खाली दाबलेले. कंडक्टरने सांगितलं होतं, तोंड वेडंवाकडं करा. पण नाक जमून आलं, मग भुवया जमल्या, मग मावशीला राहवेना. तिने गालाखाली फोमची पातळ पट्टी घातली. कंडक्टर बघायला आला आणि गोंधळला. "मावशी, हा तर चांगला दिसतोय."

"मला वाईट येत नाही. दुसरीकडे विचारा."

चेहरा आणि हात रेड्यावर पक्के शिवले. लाल कापडाची फुली मात्र हाताने, आणि तीही पोत्याच्या टाक्याने. सिमेंटच्या पोत्याचं तोंड ज्या साखळी टाक्याने शिवतात तो. त्याचं योग्य टोक हाती लागलं की एका ओढीत सर्रकन उसवतो. चुकीचं टोक ओढलं की बसा बोंबलत. 

"पोत्याचा टाका का गं?" शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं.

"या लोकांचा राग किती दिवस टिकतो ते मला ठाऊक आहे. त्याच्यासाठी पक्का दोरा कोण वाया घालवणार?"

फलक मैदानात गेलाच नाही, कारण काठ शिवायचे राहिले होते. पण कंडक्टरने टेबलावर पसरलेल्या फलकाचा फोटो काढला. फोटो आधी या फोनवर, मग त्या फोनवर, मग अध्यक्षांच्या फोनवर. आणि अध्यक्षांचं निवेदन आलं. अध्यक्ष घरी मीठ मागतानाही निवेदनच करतात. "एकूण परिस्थिती पाहता, तसेच समर्थकांच्या भावनांचा यथोचित आदर राखता, सहायक प्रशिक्षकांना तत्काळ जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे."

काय ती धमाल! कंडक्टरने बसमध्ये शिट्टी वाजवली आणि बस थांब्याच्या अलीकडेच थांबली. केमिस्टने उधारीवाल्यांनाही हसून दाखवलं. लोक एकमेकांना टाळ्या देत होते, जणू कप जिंकला. दुकानात येऊन मावशीचे हात हातात घेत होते. "मावशी, तुमच्या सुईने काम केलं!"

मावशीचा चेहरा उतरला. ती रेड्यापाशी गेली आणि पायडलवर पाय न ठेवता नुसती बसून राहिली. "माझ्या शिवणीवर माणसं बसली, झोपली, पोरांनी उड्या मारल्या," ती काकाला म्हणाली. "पण माझं शिवलेलं कुणाच्या पोटावर आलं, असं आजवर झालं नव्हतं."

काकाने "हं" केलं. हा प्रकार नवीन होता.

तेव्हाच ती पैज लागली. मावशी म्हणाली, "हा माणूस सीझन संपायच्या आत परत त्या बेंचवर दिसेल." भाची म्हणाली, "शक्यच नाही." (भाची म्हणजे अस्मादिक. दिवसभर गावाच्या नकला करून तोंड दुखलं तरी न थांबणारी.) मावशीने शर्त घातली ती नेमकी दुखऱ्या जागी. "हरलीस तर अख्खी मॅच ओठांत धागा धरून बसायचं. धागा पडला म्हणजे तोंड उघडलं." भाचीने आनंदाने हात पुढे केला. हरण्याचा प्रश्नच नव्हता.

आता कंडक्टरला फलक हवा होता. विजयाची आठवण म्हणून लावायचा. मावशीने शिंप्यांचं जुनं हत्यार काढलं.

"उद्या या."

उद्या आला तर, "काठाचा दोरा संपलाय."

दोरा आला तर, "रेड्याची सुई मोडलीय."

सुईही कंडक्टरनेच आणून दिली, तर, "अहो, केमिस्टची सीट आधी घ्यावी लागेल ना, बिचारे कधीचे थांबलेत." 

ती लोकांना पिकू देत होती. आणि लोक पिकत होते. सर गेल्यानंतरच्या मॅचला टीम हरलीच, पण बघण्यासारखी हरली. बचाववाले सवयीने बेंचकडे बघायचे. तिथे मोठे कोच, हात खिशात. मग ते एकमेकांकडे बघायचे. तेवढ्यात चेंडू जाळीत. त्याच्या पुढच्या मॅचला तर गोलकीपरने थेट आभाळाकडे बघितलं.

आणि बाकावर कंडक्टर अस्वस्थ. एका कॉर्नरला तो ताडकन उठला आणि दोन्ही तळवे खाली दाबत ओरडला, "मागे! मागे या रे!"

मावशीने मान वळवली. "कंडक्टर, तुमच्या अंगात कोण शिरलं हो?"

कंडक्टरने हात पटकन पाठीमागे लपवले. पण आजूबाजूच्यांनी बघितलं होतं. 

एका दुपारी हातवारे सर दुकानात आले. दुरुस्तीला टाकलेले पुतळे त्यांनी स्वतःच्या पैशाने करून घेतलेले होते, ते न्यायला. मावशीला फलक झाकायला वेळच मिळाला नाही. टेबलभर सरांचा चेहरा, चेहऱ्यावर फुली, आणि शेजारी उभे सर. काका फोमच्या लाद्यांमागे गेला.

मावशीने हात ओठांकडे नेला. तिथे टाचण्या नव्हत्या.

सर फलकावर वाकले. "नाक बरोबर आलंय," ते म्हणाले. मग बोटाने फुलीची कड चाचपली. "ही मात्र पक्की वाटत नाही."

"नाहीच आहे." मावशी म्हणाली. "रविवारी मैदानात या. माझ्या शेजारी बसायचं."

"उन्हातल्या स्टँडमध्ये? मला फाडून खातील."

"फाडलं तर शिवायला मी आहे. टोपी घालून या."

ते गेल्यावर मावशी काठ शिवायला बसली. भाचीने विचारलं, लोक उलटले तर? मावशीने रेडा थांबवला. "उलटले तर माझी जागा जाईल, गादीही जाईल. आणि हा माणूस माझ्या सुईने गेला, हे कायमचं नावावर राहील. ते तर आत्ताही आहेच. मग घाबरू कशाला?" आणि रेडा असा सुरू केला, की शेजारचं एक घड्याळ खाली आलं.

रविवारी सर टोपी घालून आले. मावशीने गादीचा अर्धा भाग त्यांना दिला, तो मान आजवर काकालाही मिळालेला नाही. मध्यंतराला टीम एका गोलने मागे होती. कंडक्टरने शिट्टी वाजवली आणि फलक वरून खाली सोडला. चेहरा, हात, लाल फुली. 

आणि ओरडा झाला नाही. 

उन्हातला स्टँड नुसता बघत राहिला. कुणीतरी अर्धी घोषणा दिली आणि उरलेली गिळली. केमिस्ट चष्मा पुसायला लागला. समोर सावलीत अध्यक्ष मात्र समाधानाने मान डोलवत होते.

मावशी उठली, फलकाच्या कोपऱ्याशी गेली आणि तिने टोक शोधलं. टोक नाही! तिचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. "इथे धागा लोंबत होता, तो कुठे गेला?"

"तो होय?" कंडक्टर उत्साहाने म्हणाला. "बरा दिसत नव्हता, म्हणून मी आत खोचून गाठ मारली. तीन गाठी. तुमचं काम राहिलेलं, म्हटलं आपण पूर्ण करावं."

मावशीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने शिट्टी तोंडातून काढून खिशात टाकली. मग ती सरळ फलकावर वाकली, गाठी दातांत धरल्या आणि कट्कन तोडल्या. धाग्याचं टोक बोटाला गुंडाळलं. स्टँडकडे वळली. 

"ही फुली तुम्ही घालायला सांगितलीत. मी घातली. आता बघा."

आणि ओढला. 

सर्रर्र असा आवाज वरपासून खालपर्यंत गेला. फुलीचा एक पाय सुटला, दुसरा सुटला आणि सगळं लाल कापड वाऱ्याबरोबर घसरत कंडक्टरच्या डोक्यावर येऊन पडलं. वर उरला तो चेहरा. मोठा, फोमचे गाल भरलेला, जरासा काळजीत, दोन्ही तळवे खाली दाबलेला.

लाल कापडातून कंडक्टर बाहेर आला. त्याने फलकाकडे बघितलं. मग मावशीच्या गादीवर बसलेल्या टोपीवाल्याकडे बघितलं. टोपीखालचं नाक आणि फलकावरचं नाक. तेवढ्यात सरांनी टोपी काढली.

कंडक्टर बाकावर चढला. "पुढे सरका," तो म्हणाला. "पुढे सरका सगळे! सरांना हात हलवायला जागा द्या!"

मग जो आरडाओरडा झाला त्याने सावलीतल्या स्टँडमधल्या कपांतला चहा हलला. 

उत्तरार्ध सुरू झाला. सरांचे हात आपोआप उठले. तळवे खाली. मागच्या रांगेने तळवे खाली. त्यामागच्या रांगेनेही. उन्हातला अख्खा स्टँड खाली दाबतोय, म्हाताऱ्या बायकासुद्धा. बचाववाल्यांनी सवयीने बेंचकडे बघितलं, तिथे मोठ्या कोचचे हात खिशात, आणि मग त्यांची नजर वर स्टँडकडे गेली. सगळं त्यांच्या ओळखीचं! ते धावत मागे आले. सरांनी डाव्या कोपरावर थापट मारली, अख्ख्या स्टँडने डाव्या कोपरावर थापट मारली, असा आवाज झाला जसा ओल्या ताडपत्र्या झटकाव्यात. डावी बाजू बंद. पंच थांबले, नियमांचं पुस्तक आठवून बघितलं, आणि प्रेक्षकांनी कोपराला थापट मारू नये असं त्यात कुठेच नसल्यामुळे पुढे गेले.

बरोबरी झाली. मग, घामाने डोळे चुरचुरत असताना, दुसरा गोल. आपला! यावेळी सरांनी डोक्यावर हात ठेवलेच, पण सगळ्या स्टँडनेही ठेवले आणि एकमेकांच्या डोक्यांवरही ठेवले. कंडक्टरने केमिस्टच्या डोक्यावर. काकाने तर तोंड उघडून "हं!" केलं, आणि त्यापुढे "अरे वा!" असं दुसरं वाक्यही जोडलं.

अध्यक्ष सावलीतून मैदान ओलांडून आले. त्यांनी घसा साफ केला. "एकूण परिस्थिती पाहता..."

"परिस्थिती राहू दे," मावशी म्हणाली. "हा माणूस बेंचवर कधी बसवताय ते सांगा. माझ्या गादीवर गर्दी होतेय."

अध्यक्षांनी फलकाकडे बघितलं, स्टँडकडे बघितलं. ज्यांच्या ओरडण्याने काढलं होतं तेच आता हाताची घडी घालून उभे होते. "पुढच्या मॅचपासून," ते म्हणाले. त्यांचं आजवरचं सगळ्यात छोटं निवेदन.

तो फलक आता कायमचा लागलाय. लाल फुलीच्या कापडाचं मावशीने कंडक्टरला बसमधल्या सीटचं कव्हर शिवून दिलं, आणि तेही रेड्यावर, पक्क्या टाक्याने, म्हणजे रोज त्याच्यावरच बसावं लागेल. केमिस्टची स्कूटरची सीट अजून व्हायचीच आहे. त्याने बातमी बदलली की होईल, असं मावशीने कळवलंय.

आणि पुढच्या मॅचला सर बेंचवर, हात आभाळात, आणि खालच्या बाकावर अस्मादिक, ओठांत पांढरा धागा. मावशी शेजारी बसून मॅच कमी आणि धागा जास्त बघत होती. पूर्वार्ध निघाला. मध्यंतरात अध्यक्ष माइकवर "एकूण परिस्थिती" म्हणाले, नक्कल अगदी दातांपर्यंत आली, पण गिळली. शेवटची काही मिनिटं उरली होती. तेवढ्यात सरांनी थापट मारली, आपल्या डाव्या बचाववाल्याने चेंडू काढून घेतला, तो पळतच सुटला, पळतच सुटला...

धागा कुठे पडला ते अजून सापडलेलं नाही.

"पुढची मॅचसुद्धा," मावशी टाळ्या वाजवता वाजवता म्हणाली, आणि खिशातून रीळ काढलं.